मूठभर काळे उडीद

दिवाळी अंक म्हटला की आम्हां बायकांनी चकली खुसखुशीत कशी करावी आणि करंजी तळणीत फुटू नये म्हणून काय करावे, एवढेच लिहायचे, असा जणू अलिखित करारच आहे. मी मात्र आज उडदावर लिहिणार आहे. आणि तेही पापडाच्या पांढऱ्याशुभ्र उडदावर नव्हे, तर सालासकट काळ्याकुट्ट अख्ख्या उडदावर. भगिनींनी नाके मुरडण्यापूर्वी एवढेच आठवावे की, चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या हरभऱ्याची डाळ पडली की मागोमाग वाटीभर उडदाची डाळ पडतेच. तेव्हा विषय काही अगदीच दिवाळीबाहेरचा नाही.

शिवाय या उडदापायी माझ्या हातून एक चूक घडली होती. बरीच वर्षे मी ती विसरूनही गेले होते. ती आठवली कशी आणि निस्तरली कशी, हे सांगितल्यावाचून मला माझ्या परसातल्या उडदाचे कौतुक करण्याचा अधिकार नाही.

'दाय शिजली काय वं?'

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले कोरेगाव. आमच्याकडे घेवड्याचे राज्य. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या तिथल्या वाघ्या घेवड्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उडीद आम्हांला परका नव्हता. डाळ जराशी भाजून, शिजवून, रवीने घुसळून, हिरवी मिरची, आले, लसूण घालून केलेले घुटे आणि बाजरीची भाकरी हे आमचे पावसाळी दिवसांतले जेवण. तेव्हा १९७६ साली लग्न होऊन मी वऱ्हाडात आले, ती उडीद आपल्याला येतो अशा गुर्मीतच आले.

बाळापूर हे अकोल्याहून खामगावकडे जाताना पंचवीस-सव्वीस किलोमीटरांवर लागणारे जुने गाव. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात उंचावर किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि अचलपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ साली पुरा केला, असे सांगतात. मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडांतली छत्रीही इथलीच. एकेकाळी इथली पागोटी नावाजलेली होती आणि इथे हातकागदही होत असे. पण नव्या नवरीला किल्ल्याशी आणि छत्रीशी काय करायचे? तिची लढाई चुलीपुढची.

पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला उडदाचे वरण करायला सांगितले. मी विहिरीवरून ताजे पाणी काढून आणले, त्यात उडीद चढवला आणि फुंकणी घेऊन बसले. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. दाणा आपला खड्यासारखा टणक! ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला, "दाय शिजली काय वं?" मला 'दाय' म्हणजे काय तेच कळेना. घरात कोणाचे बाळंतपण निघाले आणि दाई कोणी शिजवली, या विचाराने मी गांगरून गेले! वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, डाळीची 'दाय' आणि काळ्याचा 'काया' होतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. आत्याबाई आत आल्या, त्यांनी पळीने एक दाणा काढून चिमटून पाहिला आणि हसून म्हणाल्या, "अवं, पानी बदल. इहिरीचं पानी दायीले चालत नाई."

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या तालुक्यातूनही जातो. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ आणि जड. असल्या जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार दाण्याच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतात, आणि मग कितीही लाकडे जाळली तरी दाणा मऊ होत नाही, हे शास्त्र मी पुढे कधीतरी वाचले. आत्याबाईंना पेक्टिन ठाऊक नव्हते. पण पत्र्याच्या पन्हाळीखाली रांजण ठेवून पावसाचे पाणी केवळ डाळीसाठी राखून ठेवावे, एवढे त्यांना ठाऊक होते. त्या पाण्यात तोच उडीद पाऊण तासात लोण्यासारखा झाला. त्या दिवसापासून माझी गुर्मी उतरली आणि शिक्षण सुरू झाले.

दीड मुठीचा हिशेब

आमचे शेत गावापासून लांब, आणि ते मक्त्याने दिलेले. पण घरामागच्या परसात बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा एक तुकडा आत्याबाईंनी उडदासाठी राखलेला असे. त्यांचा उडीद बाजारच्या उडदाहून दाण्याला बारीक, काळा पण चकाकी नसलेला, आणि त्यावरचा पांढरा डोळा मात्र उठून दिसणारा. शिजला की त्याला विलक्षण चिकटा सुटायचा. त्यांच्या माहेराहून म्हणे एका पदराच्या गाठीत तो इथे आला होता.

मृगापूर्वी त्यांच्याकडे बायकांची रीघ लागायची. कोणाला मूठभर उडीद हवा असे, कोणाला चार दाणे भोपळ्याचे. आत्याबाई गाडगे उघडायच्या, मूठ भरून द्यायच्या आणि बजावायच्या, "एक मूठ नेली त दीड मूठ आनजो." कोणाची दीड मूठ आली आणि कोणाची राहिली, हे त्यांना तोंडपाठ असायचे. मला या हिशेबाचे हसू यायचे. घरात धान्याची पोती असताना मुठीमुठीचा कसला हा सावकारी व्यवहार! एकदा मी तसे बोलूनही दाखवले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बी कोठीत नाई राहत वं. बी लोकाईच्या घरी राह्यते."

हे वाक्य मी ऐकले, आणि विसरले.

१९९७ च्या फेब्रुवारीत आत्याबाई गेल्या. त्या वर्षी मृग लागताच माळ्यांच्या आळीतली एक बाई नेहमीप्रमाणे परसदारी आली आणि तिने मूठभर उडीद मागितला. घर नुकतेच माझ्या हाती आलेले. मी तिला म्हटले, "अहो, आता दुकानात पुड्यांत सुधारलेले बी मिळते. हे जुने घेऊन काय करता?" ती काही न बोलता निघून गेली. मला वाटले, आपण चांगला सल्लाच दिला.

त्या वर्षी मी परसात उडीद पेरलाही नाही. तिथे गुलाबाची आठ रोपे लावली. आत्याबाईंचे राखेचे गाडगे दिसायला बरे नव्हते, म्हणून त्यातला उडीद पाखडून प्लॅस्टिकच्या बरणीत भरला आणि फडताळात ठेवून दिला. १९९८ च्या मे महिन्यात बरणी उघडली, तेव्हा आत काळा भुगा आणि भुंगे! एकही दाणा भोकावाचून नव्हता. डाळीचा भुंगा दाण्याच्या पाठीवर अंडे चिकटवतो. पांढऱ्या ठिपक्यासारखे ते काळ्या उडदावर सहज दिसते. पाहणारा डोळा मात्र हवा. मी वर्षभर झाकण उघडलेच नव्हते. बरणी मी उकिरड्यावर उपडी केली, आणि खरे सांगते, तेव्हा मला त्याचे फारसे काही वाटलेही नाही.

अमेरिकेतली फसलेली भाकरी

पुढची अठरा वर्षे उडदाची आठवण व्हावी असे काही घडले नाही. शिवारात सोयाबीन आले. आधी पऱ्हाटीच्या तासांमध्ये उडीद आणि मूग असत, तिफणीमागे सरता धरून बायका ते बी सोडत. जवारीतही त्यांचे तास असत. सोयाबीन एकगठ्ठा पेरता येते, एकगठ्ठा काढता येते आणि एकगठ्ठा विकता येते. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे, त्याला मुठीमुठीचे पीक परवडत नाही. पण बघता बघता जवारी कमी झाली, आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसणारा उडीदही मागे सरला.

२०१५ साली पाऊस रुसला आणि डाळी कडाडल्या. तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्याच दिवाळीत अमेरिकेतून लेकीचा फोन आला. तिला एकाएकी आजीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण झाली होती. तिथल्या दुकानात 'ब्लॅक बीन्स' अशी पाटी पाहून तिने उडीद समजून चार पौंड आणले, ज्वारीबरोबर दळले, आणि भाकरी थापायला घेतली तर तव्यावर जाईपर्यंत तिचे चार तुकडे!

मला हसू आवरेना. ते 'ब्लॅक बीन्स' म्हणजे आमच्या कोरेगावच्या घेवड्याचे काळे भाऊबंद. ब्राझीलमध्ये डुकराच्या मांसाबरोबर ते शिजवून 'फेजोआदा' करतात. मेक्सिको आणि क्यूबा इथेही ते रोजच्या जेवणातले. त्यांचे मूळ अमेरिका खंडातले. उडीद मात्र आपल्या भूमीतला. त्याचे रानटी गोत अजून पश्चिम घाटात सापडते, आणि यजुर्वेदातल्या धान्यांच्या यादीत तो 'माष' या नावाने हजर आहे. सोनाराचा 'मासा' हाही याच माषावरून आला. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे एके काळी सोने तोलायला उडीद होता, आणि आज त्याला विचारायला कोणी नाही! गंमत अशी की, वनस्पतिशास्त्रात 'मुंगो' हे नावही मुगाला नव्हे, उडदालाच मिळाले आहे.

लेकीला मी सांगितले, की घेवड्याला उडदाचा चिकटा नाही, म्हणून भाकरी मोडली. शिवाय घेवडा कच्चा किंवा अर्धाकच्चा पोटात गेला तर बाधतो. त्याला खळखळून उकळी लागते. तो भाकरीत घालायचा नसतो. सगळे ऐकून ती म्हणाली, "मग आजीचाच थोडा उडीद पाठव ना. तुझ्याकडे आहे ना?"

मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. काय बघणार होते? प्लॅस्टिकची ती बरणी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि अठरा वर्षांपूर्वी परसदारातून मुकाट्याने परत गेलेली ती बाईही.

भिंतीपलीकडचे गाडगे

आमच्या परसाच्या भिंतीला लागून एका मुसलमान कुटुंबाचे अंगण आहे. तिथल्या म्हाताऱ्या खाला आत्याबाईंच्या जुन्या मैत्रीण. दोघींचे बोलणे भिंतीवरून, एकीचे वऱ्हाडीत आणि दुसरीचे हिंदुस्थानीत चालायचे आणि दोघींचे काहीही अडायचे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी गव्हाचे वाळवण घालत असताना सहज त्यांना लेकीच्या फसलेल्या भाकरीची गोष्ट सांगितली, आणि आत्याबाईंचा उडीद आता राहिला नाही, असेही बोलून गेले.

खाला काही न बोलता आत गेल्या. थोड्या वेळाने भिंतीवर एक गाडगे आले. तोंडाला फडके, वर शेणामातीचे लिंपण. त्यांनी ते फोडले, राख बाजूला सारली आणि मूठ काढून माझ्यापुढे उघडली. बारीक दाणा, चकाकी नसलेला काळा रंग, आणि पांढरा टपोरा डोळा!

"तेरी सास का है," खाला म्हणाल्या. "आखरी बारिश में एक मुट्ठी दी थी. डेढ लौटानी थी. लौटाने का दिन आया तो वो चली गईं."

"मग मला का नाही दिलात?" मी विचारले.

खाला जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "उस साल तू किसी से बोल रही थी, दुकान का बीज अच्छा है. मैंने दीवार के इधर से सुना. सोचा, बहू को ये काला उडद पसंद नहीं."

मला काही बोलवेना. वीस वर्षे खाला आपल्या अंगणात, भिंतीच्या कडेला, पत्र्याच्या फुटक्या डब्यांतूनसुद्धा, दर पावसाळ्यात तो उडीद लावत होत्या. खात होत्या, आणि पुढच्या वर्षासाठी राखेत ठेवत होत्या. त्यांच्याकडे तो सालासकट मटणाबरोबर शिजतो, एवढाच काय तो फरक. आत्याबाईंचे बी कोठीत राहिले नव्हते. ते लोकांच्या घरी राहिले होते.

एखाद्याच्या मनात शंका येईल की, वीस वर्षांत ते बी बदलले नसेल कशावरून? भोपळ्याचे असते तर खात्रीने बदलले असते. मधमाशी कुठले पराग कुठे नेईल याचा नेम नसतो. पण उडदाचे पिवळे फूल पुरते उमलण्यापूर्वीच आपल्या आपण फळून घेते. म्हणून शेजारी दुसऱ्या जातीचा उडीद असला तरी त्याचे कूळ सहसा भ्रष्ट होत नाही. घरगुती बियाणे राखणाऱ्या बाईला याहून सोयीचे पीक नाही.

खालांनी मोजून दीड मूठ माझ्या पदरात टाकली. "अब हिसाब बराबर," म्हणाल्या. हिशेब माझ्या बाजूने मुळीच बरोबर झाला नव्हता, हे मी मनात म्हटले.

परसातला उडीद

आता ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहिते. उडदाला पाणी तुंबणारी जागा चालत नाही. आमची माती काळी आणि चिकट, म्हणून मी वाफा वीतभर उंच करते आणि कडेने चर काढते. चांगली ओल झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावे. दोन ओळींत एक फूट आणि दोन दाण्यांत चार बोटे अंतर ठेवावे. दाणा दीड इंचाहून खोल घालू नये. बारा फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला पाव मूठ बी पुरते. मी पहिल्या वर्षी निम्मेच बी वापरले आणि निम्मे राखेत ठेवले. एकदा पोळलेली बाई ताकही फुंकून पिते.

शेणखत थोडेसे पुरे. उडदाच्या मुळांवर बारीक गाठी येतात आणि त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली, म्हणजे कारखाना चालू आहे असे समजावे. आत्याबाई पीक निघाल्यावर झाड उपटत नसत, विळ्याने कापत. "मुया मातीत राहू दे," म्हणत. त्याच वाफ्यात मग मेथी आणि पालक असे काही तरारून यायचे की बस!

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पिवळा रोग. पांढरी माशी पानांतला रस शोषते आणि त्याबरोबर विषाणू पसरवते. मग पाने हिरवीपिवळी चट्ट्यापट्ट्यांची होतात. त्यावर औषध नाही. असे झाड दिसताच दया न करता उपटून दूर टाकावे, म्हणजे बाकीची वाचतात. सरत्या पावसात पानांवर पीठ फेकल्यासारखी भुरीही येते. आमच्या जिल्ह्याला या बाबतीत अभिमानाची एक गोष्ट आहे. अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. त्या विद्यापीठाने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर तयार केलेला 'टीएयू-१', म्हणजे 'ट्रॉम्बे-अकोला-उडीद', १९८५ साली बाहेर पडला आणि महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा त्या बाईला मी दिलेला सल्ला खोटा नव्हता. शेतात जरूर सुधारलेले बी पेरावे. माझी चूक एवढीच की, दुकानातले चांगले आहे म्हणून मी घरातले द्यायचे बंद केले.

पेरल्यापासून साधारण सत्तर दिवसांत, गौरी-गणपतीच्या सुमारास, लव असलेल्या शेंगा काळ्या पडू लागतात. एका शेंगेत पाच ते सात दाणे. शेतात सगळे झाड कापून खळ्यावर नेतात. परसात मात्र काळी झालेली शेंग तेवढी खुडता येते. याच वेळी पाऊस आला तर घात होतो. दाणा शेंगेतच फुगून मोड काढतो. तिसऱ्या वर्षी असा पाऊस आला, तेव्हा मी आणि आमच्या 'ह्यां'नी छत्री धरून संध्याकाळी शेंगा खुडल्या आणि माजघरभर वर्तमानपत्रांवर पसरल्या. चार दिवस आम्ही शेंगांतून वाट काढीत झोपायला जात होतो.

वाळवण मात्र कडक हवे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. खाण्याच्या उडदाला तेलाचा हात लावून ठेवावा, म्हणजे भुंग्याला अंडी घालायला जागा सापडत नाही. बियाण्याचा उडीद चाळलेल्या कोरड्या राखेत, मडक्यात, तोंड लिंपून. आणि वर्षातून दोनदा उघडून ऊन द्यायचे. बरणीवर विश्वास ठेवायचा नाही!

चुलीवर

काळ्या उडदाचे वरण असे करतात. वाटीभर अख्खा उडीद रात्री भिजत घालावा. सकाळी गोड्या पाण्यात, हळद आणि चमचाभर तेल घालून मंद आचेवर ठेवावा. कुकर वापरण्यास माझी हरकत नाही, पण मडक्यातली चव त्याला येत नाही. दाणा बोटाने चिरडला की पळीने घोटून मग मीठ घालावे. वरून तेलात जिरे, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण आणि चार लाल मिरच्या यांची चरचरीत फोडणी. यात भाकर कुस्करून खायची. भात हा इथे पाहुणा.

कळण्याच्या भाकरीला चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खा काळा उडीद आणि थोडे जाडे मीठ एकत्र दळून आणावे. काही घरी उडीद याहून जास्त घालतात. पीठ राखाडी दिसते आणि त्यात सालाचे काळे ठिपके असतात, त्याला भिऊ नये. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिवटपणा नाही, म्हणून नुसती भाकरी काठाला चिरते. उडदाचा चिकटा ते पीठ बांधून ठेवतो, त्यामुळे कळण्याची भाकर पातळ थापता येते आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. शेतावर न्यायला म्हणूनच ती सोयीची. कोमट पाण्यात चांगले मळावे, थापावी, तव्यावर टाकून पाणी फिरवावे आणि निखाऱ्यावर फुगवावी. बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि थंडीत वांग्याचे भरीत. उडदात शंभर ग्रॅमला सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात, हे पुस्तकातले. ही भाकर खाऊन दुपारभर भूक लागत नाही, हा आमचा अनुभव. रात्री मात्र बेताने खावी. उडीद जड आहे.

लेकीला पहिल्या पिकातला उडीद मिळाला तो इथेच, माझ्या स्वयंपाकघरात. २०१६ च्या दिवाळीला ती आली, तेव्हा मी तिला कळण्याची भाकर वाढली. तिने पहिला घास घेतला, आणि काही न बोलता दुसरी भाकर मागितली. आजीची चव तंतोतंत होती की नाही, कोण जाणे. चाळीस वर्षांनी माझा हात आत्याबाईंसारखा झाला असेलही, किंवा आठवणच उडदात मिसळली असेल. ती पडताळून पाहायला आता काही साधन नाही.

वहीतला हिशेब

आमचे 'हे' तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात सारा उडीद मिळून सव्वा किलो भरला. त्यांनी खत, मजुरी, माझी पाठदुखी आणि तिच्यासाठी आणलेले मलम यांचा खर्च मांडून सिद्ध केले की, बाजारात हा उडीद पाचपट स्वस्त पडला असता. मी ते मान्य केले आणि त्यांना दुसरे वरण वाढले. तेव्हापासून हिशेब बंद आहे.

मी मात्र एक वही घातली आहे. उडीद माझ्या घरी परत आल्यावर पहिली मूठ घेऊन मी माळ्यांच्या आळीत गेले. ती बाई आता राहिली नव्हती. तिच्या सुनेला मी ती मूठ दिली. का दिली, ते तिला नीटसे कळले नसावे. "कायले वं माय, एवढ्या उन्हात आल्या?" म्हणून तिने मला पाणी दिले. वहीत पहिले नाव तिचे आहे. पुढे नावे वाढली. खालाही आता नाहीत, पण त्यांच्या अंगणात भिंतीच्या कडेला उडीद आहे; त्यांची नातसून लावते. एका वर्षी अवकाळी पावसाने माझे सगळे पीक नासले, तेव्हा तीन घरांतून मुठी परत आल्या आणि मी पुन्हा उभी राहिले. त्यांतली एक मूठ माळ्यांच्या आळीतली होती, आणि ती चांगली दोन मुठींएवढी भरली.

"गवार, उडीद, काय वाट्टेल ते लिही, पण लोकांना पत्ता देऊ नकोस," असे आमच्या 'ह्यां'नी हा लेख लिहिताना मला बजावले आहे. तेव्हा पत्ता देत नाही. पण बाळापुरात मृगाच्या आधी कोणी आलेच, आणि परसदारी उभे राहून मूठभर काळा उडीद मागितलाच, तर या वेळी मी त्याला दुकानाचा रस्ता दाखवणार नाही. नाव वहीत लिहून घेईन, आणि मूठ भरून देताना एवढेच म्हणेन, "दीड मूठ आनजो."